बासोड्याचा नियम

शिळं अन्न मी आवडीनं खाते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी नाकं मुरडायला नकोत.

होळी झाली की जयपुरात कडुनिंबाची पानगळ सुरू होते. आमच्या बनी पार्कातल्या गल्लीत सकाळी झाडू मारावा आणि दुपारी बघावं, तर पुन्हा पिवळी चटई अंथरलेली. थंडी गेलेली असते, लू नावाचा तापलेला वारा अजून यायचा असतो. हवेत धूळ आणि कोवळ्या निंबाचा कडवट वास. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला कुंभार नवे माठ मांडून बसतात. बायका माठावर टिचकी मारतात, कान लावून ऐकतात, आणि नापसंत पडला तर तोंडावर सांगतात, ‘भैया, ये तो बोलता ही नहीं.’ मग दुसरा उचलतात. मला हा प्रकार फार आवडतो. वस्तू बरी नाही असं तोंडावर सांगायचं, आणि सांगूनही त्याच कुंभाराकडून दुसरी घ्यायची. आमच्या विद्यापीठी जगात ही पद्धत असती तर मला हा लेख लिहावाच लागला नसता.

आपल्या पंचांगात तेव्हा फाल्गुनच चालू असतो, इथल्या पंचांगात मात्र चैत्र लागलेला असतो. त्यातल्या अष्टमीला शीतला माता. आदल्या दिवशी सगळं रांधून ठेवायचं, अष्टमीला चूल पेटवायची नाही, आणि मातेला थंड नैवेद्य दाखवून घरादारानं तेच खायचं. याला म्हणतात बासोडा. गुळाच्या पिठाचे तळलेले पुए, पकोडी, दह्यातला गोड भात, बाजरीची ताकातली राबडी. आमच्या मिरजेला शिळासप्तमी असायची, पण ती श्रावणात, आणि आई त्या दिवशी तोंड एवढंसं करून वाढायची. ‘एक दिवस खाल्लंत म्हणून मरत नाही,’ असं म्हणत. इथं मात्र थाट. माझ्या सहकारी सरोजजींच्या घरी पहिल्यांदा बासोडा जेवले तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की कालचं अन्न आजच्यापेक्षा चवदार लागू शकतं. पुयांत बडीशेप मुरलेली असते. पकोडी ताकात बसून शहाणी झालेली असते.

सरोजजी हिंदी साहित्य शिकवतात, मी इंग्रजी. दोघी सीतापुऱ्याच्या एका खासगी कॉलेजात. चहूकडं कपड्यांचे निर्यात कारखाने आणि मध्ये आमची काचेची इमारत. सकाळी आमची बस आणि शिलाईवाल्या बायकांच्या टेम्पोंची रांग एकाच फाटकाशी अडकायची. त्या डबे घेऊन उतरायच्या, आम्ही वर्गाच्या चिंता घेऊन. माझे यजमान फौजेत होते, सुभेदार म्हणून इथल्याच मिलिटरी स्टेशनात निवृत्त झाले. ‘आता मिरजेला जाऊ’ असं ते दर दिवाळीला म्हणतात, आणि मी दर दिवाळीला ‘जाऊ की’ म्हणते.

आम्ही एक नियतकालिक काढतो. नाव ‘तिबारी’. इथल्या जुन्या घरांत पुढं तीन कमानींची उघडी ओसरी असते, तिला तिबारी म्हणतात. येणाऱ्या-जाणाऱ्यानं टेकावं, पाणी प्यावं, कुणी विचारणार नाही. आमच्याही कमानी तीनच. मी, सरोजजी, आणि उर्दूचे निवृत्त प्राध्यापक अन्सारीसाहेब, ज्यांनी साठी उलटल्यावर संकेतस्थळ चालवायला शिकून घेतलं आणि तेव्हापासून आम्हा दोघींकडं दयार्द्र नजरेनं बघतात. आज लिहिल्या जाणाऱ्या साहित्यावर हिंदी, मराठी, उर्दू, इंग्रजी, कुठल्याही भाषेत लेख पाठवा. वाचणाऱ्याकडून काही घेत नाही, लिहिणाऱ्याकडूनही घेत नाही. प्रत्येक लेखाच्या तळाशी एक ओळ असते, की हा लेख कुणीही वाचावा, उतरवून घ्यावा, पुढं द्यावा, कुठंही ठेवावा, फक्त लेखकाचं नाव पुसू नये.

ही ओळ माझी. आणि ती ओळ लिहिण्यामागं माझा जुना राग आहे, तो सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

यजमानांच्या बदल्यांच्या काळात मी पीएचडी करत होते. पठाणकोटजवळच्या क्वार्टरमध्ये, एका हातानं पोळ्या आणि दुसऱ्या हातानं प्रबंध. वाचायला लागणारे लेख संगणकावर दिसायचे, म्हणजे नाव दिसायचं, पहिला परिच्छेद दिसायचा, आणि मग पाटी यायची: आपली संस्था निवडा. माझी संस्था कोणती? मी कुणाची तरी बायको म्हणून त्या गावात होते, कुठल्या ग्रंथालयाची सभासद म्हणून नव्हे. माझ्या हाताशी होतं ते कँटीनचं कार्ड. पुढं माझा पहिला लेख एका बड्या परदेशी नियतकालिकानं घेतला. काय तो आनंद! मिरजेला फोन केला. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. त्यांनी सायबर कॅफेत जाऊन लेख उघडायचा प्रयत्न केला, आणि घरी येऊन मला विचारलं, ‘अगं, स्वयंपाक तू केलास, वाढलास तू, आणि दारात पाटी की घरच्यांना प्रवेश नाही? हे कुठलं जेवण?’ मी उघडायला गेले. मलाही उघडेना. माझाच लेख! मी फुकट दिलेला, त्यांनी फुकट घेतलेला, आणि आता दारात माझीच संस्था विचारत होते.

त्या दिवशी डोक्यात जी सणक गेली ती अजून उतरलेली नाही. उतरायला नकोच आहे.

तर तिबारीचे दोन नियम. एक आधीपासून होता. लेख आला की सरोजजी त्यावरचं नाव काढतात आणि आमच्यापैकी किंवा बाहेरच्या कुणाकडं वाचायला देतात. वाचणाऱ्याला लेखक माहीत नसतो, लेखकाला वाचणारा. पण लेख छापला की त्याच्या खाली ती टीका जशीच्या तशी छापायची, टीकाकाराच्या नावानिशी, आणि लेखकाला उत्तर द्यायचं असेल तर तेही. ज्याला हे नको त्यानं खुशाल लेख परत घ्यावा, राग नाही. पुष्कळ लोक परत घेतात. जे राहतात त्यांचं लेखन वाचण्यासारखं असतं.

दुसरा नियम बासोड्यानं दिला. एकदा अन्सारीसाहेबांनी एका लेखावर अशी टीका लिहिली की कागद हातात धरवेना. लेखकानं त्याहून तापलेलं उत्तर पाठवलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघांचंही काही ऐकू येत नव्हतं. बासोड्याच्या दुपारी सरोजजींकडं आम्ही राबडी पीत बसलो होतो. अन्सारीसाहेब अजून धुमसत होते. सरोजजींनी त्यांच्या पानात पुआ टाकला आणि म्हणाल्या, ‘माता को गरम नहीं चढ़ता, साहब. आज लिखिए, रात भर ढककर रखिए. सुबह जो खट्टा हो जाए, फेंक दीजिए. जो टिके, वही भेजिए.’

अन्सारीसाहेबांनी पुआ संपवला, हात पुसले. ‘मंज़ूर,’ म्हणाले.

तेव्हापासून तिबारीतली कुठलीही टीका लिहिल्या दिवशी जात नाही. रात्रभर झाकून. सकाळी पुन्हा वाचायची. बहुतेक वेळा निम्मी टाकून द्यावी लागते. टोमणे आंबतात, विशेषणं आंबतात, आपण किती वाचलंय हे दाखवण्यासाठी घातलेली वाक्यं तर पहाटेच वास मारायला लागतात. उरतं ते मात्र कुणाच्या बापाला घाबरत नाही.

आता गेल्या वर्षीच्या मार्चबद्दल.

नवे संचालक जानेवारीत आले होते. सूट नीटस, बोलणं मऊ, आणि ‘व्हिजन’ हा शब्द दर वाक्याला. होळीनंतरच्या आठवड्यात त्यांनी मला आणि सरोजजींना खोलीत बोलावलं. वर्षअखेर होती. ज्याला त्याला बढतीचे गुण भरायचे होते, स्टाफरूममध्ये जो तो आपल्या लेखांची भांडीकुंडी मोजत बसलेला. मला वाटलं, तसंच काहीतरी असेल.

टेबलावर एक छापलेला कागद होता. त्यांनी तो उचलला आणि वाचायला सुरुवात केली. ‘लेखकानं या कादंबरीची प्रस्तावना आणि शेवटचं पान लक्षपूर्वक वाचलेलं दिसतं. मधली पानं त्यांची वाट पाहत आहेत.’

वाक्य माझं होतं! महिन्याभरापूर्वी सरोजजींनी दिलेला एक बिननावाचा लेख, एका नव्या हिंदी कादंबरीवरचा. कादंबरी कपड्यांच्या कारखान्यातल्या बायकांची. तिची मधली दीडेकशे पानं नुसती त्या बायकांच्या बोलण्याची आहेत, शिफ्ट, सासू, सुई बोटात घुसणं, मालकाची नक्कल. लेखात त्या बोलण्यातला एक शब्द नव्हता. जागतिकीकरण होतं, उत्तर-अमुक होतं, पूर्व-तमुक होतं, आणि बाई एकही नव्हती. मी तेच लिहिलं होतं. रात्रभर झाकून ठेवलं होतं, सकाळी टोमणे काढले होते, आणि मधल्या पानांचं वाक्य टिकलं म्हणून राहू दिलं होतं.

लेख संचालकांचा होता. घ्या!

‘किसने लिखा है ये?’ त्यांनी शांतपणे विचारलं. ‘लेख जाएगा. ये नीचे की टिप्पणी नहीं जाएगी. और जिसने लिखा है, उसे आगे से कुछ मत भेजिए.’

सरोजजी खिडकीबाहेर बघत होत्या. काचेपलीकडं टोंक रोड. चाकसूला शीतला मातेच्या मेळ्याला निघालेले ट्रॅक्टर जात होते, ट्रॉलीत दाटीवाटीनं बायका, डोक्यावर पिवळ्या-लाल ओढण्या, मांडीवर झाकलेली टोपली. काचेमुळं त्यांचं गाणं ऐकू येत नव्हतं, नुसती तोंडं हलताना दिसत होती. त्या बायकांकडं बघता बघता माझ्यातली भीती कुठं गेली कोण जाणे. मूग गिळून बसायचं वय माझं उलटून गेलं होतं.

‘मैंने लिखा है, सर,’ मी म्हणाले. ‘तेव्हा लेख तुमचा आहे हे माहीत नव्हतं. आता माहीत झालंय, तरी त्यातला शब्द बदलणार नाही. लेख छापायचा तर खाली टीका जाईल. तुमचं उत्तरही जाईल, हवं तेवढं लांब लिहा. नाहीतर लेख परत घ्या.’ हे मी हिंदीत बोलले, पण राग मराठीतच आला होता, आणि मराठी राग हिंदीत जरा जास्तच सरळ उतरतो.

त्यांनी कागदाची घडी घातली. ते म्हणाले ते एवढंच, की तिबारी कॉलेजच्या संगणकावर आहे, म्हणजे कॉलेजची आहे. एक प्रकाशन कंपनी तिला चालवायला तयार आहे. सभासद होणाऱ्यांनाच वाचता येईल, लेखकांकडून शुल्क घेतलं जाईल, आणि असल्या उघड्यावरच्या भांडणांना जागा राहणार नाही. ‘स्टँडर्ड बढ़ेगा,’ म्हणाले. अष्टमीच्या सुट्टीनंतर आमच्या दोघींच्या सह्या हव्यात.

बाहेर जिन्यात मी सरोजजींना धरलं. ‘आपको पता था लेख किसका है?’

‘पता था.’

‘आणि तरी मला दिलात?’

‘और किसको देती?’ त्या म्हणाल्या. ‘तुम ही एक हो जिसे किसी की शक्ल याद नहीं रहती.’ आणि फस्सकन हसल्या. मलाही हसू आलं. जिन्यात दोन प्राध्यापिका अशा हसत होत्या की शिपाई बघायला आला.

हसू दुसऱ्या दिवशी आटलं. सकाळी तिबारी उघडायला गेले तर पान कोरं. सह्यांची वाटही न बघता त्यांनी संकेतस्थळ बंद केलं होतं. मी अन्सारीसाहेबांना फोन केला. ‘तुमच्याकडं सगळ्याची प्रत असेलच.’ ते म्हणाले, ‘मैं तो समझता था आपके पास है.’ मी समजत होते सरोजजींकडं असेल. सरोजजी समजत होत्या की अन्सारीसाहेबांकडं. तीन पीएचड्या, आयुष्यभर पाठभेद आणि हस्तलिखितं शिकवलेली, आणि घरात एक प्रत नाही! कपाळ आमचं. विहीर गावाची असली की घरी हंडा भरून ठेवायचं सुचत नाही, तसं झालं. सगळ्यांसाठी उघडं आहे, मग कुलपात कशाला ठेवायचं? एवढी वर्षं कुणाकुणाच्या लेखांवर घासलेल्या टीका, लेखकांची उत्तरं, अण्णांनी मिरजेहून लिहून पाठवलेलं एक वाचकपत्रसुद्धा त्यात होतं. ते गेलं असं वाटून मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून रडले, हेही सांगते.

यजमान दारात येऊन उभे राहिले. फौजी माणूस, सांत्वन जमत नाही. ‘माल कुणाकुणाला वाटला होतास?’ त्यांनी विचारलं.

‘सगळ्यांना.’

‘मग रडतेस काय? परत गोळा कर.’

हात्तिच्या! एवढं साधं. तळाशी ती ओळ लिहिणारी मी, आणि ती ओळ मलाच उमगली नव्हती. उतरवून घ्यावा, पुढं द्यावा, कुठंही ठेवावा. लोकांनी खरंच तसं केलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही तिघांनी ओळखीच्या सगळ्यांना निरोप टाकला, की ज्याच्याकडं तिबारीतलं जे काही असेल ते पाठवा, टीकेसकट.

आणि यायला लागलं. मिलिटरी स्टेशनातल्या हळदीकुंकवाला भेटलेली एक कॅप्टनची बायको, मूळची नगरची, तेव्हा कुठल्याशा सीमेवरच्या गावात होती. तिच्या फोनमध्ये मराठी लेखांचा अख्खा ढीग. ‘मॅडम, इथं रेंज कधी असते कधी नसते, मतलब मी आधीच उतरवून ठेवते,’ असं तिनं लिहिलं. मला पठाणकोट आठवलं. माझ्यासारखीच कुणीतरी तिकडं बसून वाचत होती, आणि तिला कुणी संस्था विचारली नव्हती. नांदेडहून एका शिक्षकानं मुलांसाठी छापून काढलेली पानं फोटो काढून धाडली. टोंकच्या एका विद्यार्थिनीनं अन्सारीसाहेबांचे उर्दू लेख पाठवले, आणि खाली लिहिलं की टीका लेखांपेक्षा जास्त आवडतात, म्हणून त्या वेगळ्या जपल्यात. अण्णांचं पत्र एका अशा लेखकाकडून आलं ज्याचा लेख मी सपाटून सोलला होता. त्यानं ते पत्र ठेवलं होतं, कारण त्यात अण्णांनी त्याची बाजू घेतली होती, लेकीविरुद्ध.

अष्टमीच्या आदल्या दिवशी सरोजजींच्या घरी तळणं चालू होतं. कढईतून पुए निघत होते, आणि शेजारच्या खोलीत अन्सारीसाहेब आलेले लेख जागेवर लावत होते. नवं संकेतस्थळ आम्ही आमच्या नावावर घेतलं, कॉलेजच्या नाही. ‘दुपट्टा संभालो, तेल उड़ेगा,’ असं सरोजजी मला ओरडत होत्या, आणि ओरडता ओरडता म्हणाल्या, ‘जवाब लिख लिया उनको?’

लिहिलं होतं. चार पानं. ज्ञान म्हणजे काय, विद्यापीठ कशासाठी असतं, माझा पठाणकोटचा अपमान, अण्णांचं जेवण, सगळं त्यात होतं. वाचताना माझाच ऊर भरून येत होता. नियमाप्रमाणं रात्रभर झाकून ठेवलं. अष्टमीला सकाळी सरोजजींनी मातेला नैवेद्य दाखवला, आम्ही थंडगार राबडी घेऊन बसलो, आणि मी ती चार पानं पुन्हा वाचली. सगळं आंबलं होतं हो. खरं होतं, पण आंबलं होतं. काढत काढत गेले. शेवटी उरलं ते एवढं: ‘तिबारीला कुलूप लावता येत नाही. तिला दारच नाही. आम्ही सही करणार नाही.’ खाली दोघींची नावं.

ते पाठवलं आणि दुसरा पुआ घेतला.

परिणाम झाले, होणारच होते. माझं विभागप्रमुखपद गेलं. तिबारीचं काम बढतीच्या गुणांत धरलं जाणार नाही असं कळवलं गेलं. साहित्याचा तास काढून मला व्यवस्थापनाच्या मुलांना ईमेल कशी लिहावी हे शिकवायला बसवलं. मी शिकवते. मन लावून शिकवते. पहिल्याच तासाला सांगते, मुलांनो, रागात लिहिलेली ईमेल त्याच दिवशी पाठवायची नाही, रात्रभर झाकून ठेवायची. आणि सकाळीही तेच म्हणावंसं वाटलं तर मग मागं हटायचं नाही. पोरं हसतात. पण लिहून घेतात.

लोक मला म्हणतात, कशाला हा आडमुठेपणा? स्टाफरूममधले एक सज्जन मला समजावतात, की मॅडम, असल्या नियतकालिकाला कोण विचारतं, मोठ्या नावाच्या ठिकाणी छापा, वर जा. वर कुठं? मी वर जाऊन आलेय. तिथं माझाच लेख मला दिसला नव्हता. साहित्याचा अभ्यास म्हणजे काय, हे मला आता एका वाक्यात सांगता येतं: कुणीतरी नीट वाचलं, आणि काय वाचलं ते सगळ्यांदेखत सांगितलं. यात पाटी, फाटक, पहारेकरी कुठं बसतात ते मला दाखवा. वाचायला आलेल्याला ‘तू कुणाचा’ असं विचारणारं ज्ञान मला नको. नको म्हणजे नको.

यंदा पुन्हा निंब झडायला लागले. कुंभारानं माठ मांडले, मी एक वाजवून घेतला. सप्तमीला सरोजजींचा फोन आला. एक लेख पाठवतेय, वाच. नाव अर्थातच काढलेलं.

दोन पानं वाचली आणि मी थांबले. तीच कादंबरी. तेच लांबलचक पहिलं वाक्य, तीच सवय. मी लगेच फोन केला. ‘सरोजजी, मी लेखक ओळखलाय. नियमाप्रमाणं मला वाचता येणार नाही. दुसऱ्या कुणाला द्या.’

‘मुझे पता था तुम यही कहोगी,’ त्या म्हणाल्या. ‘उन्होंने लिखा है, पिछली बार जिन्होंने पढ़ा था, उन्हीं को भेजिए. नीचे छपने की शर्त भी मान ली है. नाम के साथ.’

मी फोन ठेवला. खिडकीबाहेर शेजारची मुलगी पानं गोळा करत होती आणि वारा ती पुन्हा पसरत होता. माणूस अजून संचालक आहे. माझं पद त्यानं परत दिलेलं नाही, मी मागितलेलं नाही. जिन्यात भेटलो तर आम्ही एकमेकांना नमस्कार करतो, बस्स. त्याच्या हाताशी ती कंपनी होती, बडी बडी नावं होती. तिथं लेख छापून आला असता, गुण मिळाले असते, आणि कुणीच वाचला नसता. तो आमच्या ओसरीवर आला. खरं ऐकायला यावं लागतं ते तिथंच.

मी विरघळले वगैरे नाही, हं. चष्मा पुसला आणि वाचायला बसले. लेखात आता बाया होत्या. सुई बोटात घुसलेली होती, मालकाची नक्कल होती, आणि एका ठिकाणी लेखकानं लिहिलं होतं की या बायका बोलतात तसं बोलणं आपण रोज फाटकाशी ऐकतो आणि ऐकत नाही. तिसरा भाग मात्र पुन्हा घसरलेला, पुन्हा ते उत्तर-अमुक. संध्याकाळपर्यंत टीका लिहिली. तिसऱ्या भागाची सालटी काढली. मग झाकून ठेवली.

अष्टमीला सकाळी यजमानांना आणि मला थंड पुए वाढले, नव्या माठातलं पाणी घेतलं, आणि टीका पुन्हा वाचली. एकही शब्द आंबला नव्हता. वर फक्त दोन वाक्यं घातली आणि पाठवून दिली:

‘या वेळी मधली पानं वाचलेली आहेत. तिसरा भाग पुन्हा लिहावा.’